दुसरी सही

१९७४ साली मी बेचाळीस वर्षांचा होतो. भिंगारला लष्कराच्या गोदामात हमाल होतो, शिक्षण चौथी. स्टोअरकीपरच्या जागेसाठी इंग्रजीची परीक्षा होती. मी फॉर्म भरला, तर बायको हसली. मी म्हणालो, हसायचं तर माहेरी जाऊन हास. ती खरंच भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या अकोल्याला भावाकडे निघून गेली.

भावानं दोनदा निरोप धाडला की न्यायला या. आमच्यात बाई रुसून गेली तर नवऱ्यानं आणायला जायचं असतं, ती आपण होऊन येत नाही. मी म्हटलं, तिच्या पायानं गेली, तिच्या पायानं येईल. आठ महिने झाले. एकट्यापुरतं पीठ किती मळायचं ते मला काही जमलं नाही. रोज एक भाकरी उरायची. टोपलीखाली झाकून ठेवायचो आणि सकाळी तीच चहात बुडवून खायचो.

मागच्या गल्लीत एक ख्रिस्ती मास्तर राहायचे, पेन्शनीत निघालेले. संध्याकाळी मला शिकवायचे. बाकी जमलं, पण जर-तरची वाक्यं काही बसेनात. कुठं विल, कुठं वुड, कुठं वुड हॅव. मास्तरांनी शंभरदा सांगितलं, पण मी माझ्याच डोक्यानं चालणारा. गोदामात जुन्या मालाचे तीन ढीग असतात: चालू, दुरुस्तीचा आणि कंडम. मी वाक्यंही तशीच लावली. अजून होईल ते चालू, तिथं विल. होणं अवघड ते दुरुस्तीत, तिथं वुड. हातचं गेलं ते कंडम, तिथं वुड हॅव. मग एक चूक होईना. मास्तरही खूश झाले.

परीक्षेआधीच्या शनिवारी ते म्हणाले, तीन ढिगांची तीन वाक्यं स्वतःच्या मनानं लिहा. पहिली दोन मी सायकलीबद्दल लिहिली. तिसरं लिहिलं, मी अकोल्याला गेलो असतो तर बायको परत आली असती.

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "क्रियापदं बरोबर आहेत," ते म्हणाले. "बाई वारल्या का?"

"न्हाई. हाय की अकोल्याला."

"मग कंडममध्ये कशी टाकली? तुमच्या गोदामात कंडमच्या कागदावर किती सह्या लागतात?"

मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. दोन. एकट्याच्या सहीनं फाटकी चादरसुद्धा फेकता येत नाही.

"मग दुसरी सही कोणाची घेतलीत?"

मला राग आला. वही उचलली आणि घरी आलो. भाकऱ्या केल्या. त्या दिवशीही एक उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी फडक्यात बांधून मी अकोल्याच्या गाडीत बसलो. स्टँडकडे जाताना शेजारी भेटला होता, कुठं निघालात म्हणाला. त्याला सांगितलं, भंडारदऱ्याचं धरण बघायला.