धूर नव्हता, तरी गूळ मागितला

ईसीजीची पट्टी दोन्ही हातांत ताणून धरत डॉक्टर म्हणाले, “हा तुमचा पहिला झटका नाही. याआधी छातीत कधी दुखलं होतं?”

मी म्हणालो, “धूर लागला होता.”

बीडच्या दवाखान्यात खाटेवर आडवा असताना मला या उत्तराची लाज वाटली. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले: मायोकार्डियल इन्फार्क्शन. म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडून त्याच्या स्नायूचा काही भाग मरणे. माझा एक भाग आधीच मेला होता. मला पत्ता नव्हता.

मी एका सहकारी साखर कारखान्यात अग्निशमन पथकाचा प्रमुख होतो. तिथे मोठी आग लागते ती बगॅसला, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याच्या ढिगाला. आग विझली की प्रत्येकाने गुळाचा खडा खायचा, म्हणजे छातीतला धूर उतरतो, अशी आमची रीत. गुळाचा डबा माझ्या ताब्यात असे. छातीवर दाब, डाव्या हातात कळ, गार घाम. जवान काहीही सांगो, मी गूळच दिला. दोन वर्षांपूर्वीच्या आगीनंतर हे तीनही त्रास मला झाले. हात नळी ओढून दुखतो आहे, असे मीच ठरवले, गूळ खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

वरून विझलेल्या ढिगावर आम्ही कधी विश्वास ठेवला नाही. लोखंडी सळई आत खुपसायची, बाहेर काढायची आणि तापली आहे का ते पाहायचे. स्वतःच्या छातीची मी एवढीही चौकशी केली नाही.

मग दुष्काळ पडला. ऊस नाही म्हणून गाळप बंद झाले आणि आमचा बंब गावांना पिण्याचे पाणी वाहू लागला. एका सकाळी चौसाळ्याच्या पुढे माझी छाती आवळली. बंब सर्जेराव चालवत होता.

“साहेब, तोंड पार पांढरं पडलंय. दवाखान्यात जाऊ.”

“गाडी थांबवू नकोस. बाया घागरी मांडून बसल्यात. गूळ काढ.”

“गूळ काहून? धूर कुठं हाय हितं? टाकीत पाणी हाय, साहेब!”

“सर्जेराव, हुकूम आहे.”

“हुकूम बरं झाल्यावर द्या, लई द्या. आता गप पडा.”

त्याने भरला बंब बीडकडे वळवला.

डॉक्टरांनी थ्रॉम्बोलिसिस केले, म्हणजे गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिले. “अजून उशीर केला असता तर आमच्या हातात काही उरलं नसतं,” ते म्हणाले. पाच दिवस अतिदक्षता विभागात पडून मी ज्यांना गूळ दिला त्यांचे चेहरे आठवत राहिलो. त्यांतले दोघे पुढे अचानक गेले. कशाने गेले, ते कुणी तपासले नाही. मीही विचारले नव्हते.

सहाव्या दिवशी कारखान्याचा कागद आला. परवानगीविना वाट बदलल्याबद्दल सर्जेरावला निलंबित का करू नये, यावर पथकप्रमुखाचा अभिप्राय मागितला होता. माझी प्रकृती कशी आहे, हे त्यात कुठेही विचारलेले नव्हते. त्या गावाला त्या दिवशी पाणी मिळाले नाही, हे मात्र खरे होते.

मी लिहिले: वाट बदलण्याचा हुकूम माझा होता.

साऱ्या नोकरीत मी लिहिलेले हे एकच खोटे.

सर्जेरावची नोकरी राहिली. गुळाचा डबाही राहिला. तो काढून टाका, असे सांगायला मी गेलो, तेव्हा जवान हसले. त्यांना ही रीत मीच शिकवली होती, म्हणून मी रागावलो नाही.

छातीत दुखले तर कारण स्वतः ठरवू नका. ईसीजी काढा. शेजारचा माणूस ‘चला’ म्हणाला, तर उठा. गाडी थांबवू नकोस, हा माझा खरा हुकूम होता. सर्जेरावने तो मोडला, म्हणून हे लिहायला मी आहे.