मागचं डावं दार

बंगळुरूच्या चामराजपेटेतल्या या मेकॅनिककडे मी गाडी चौथ्यांदा नेली, ती त्याला चार शब्द सुनावायलाच. माझ्या जुन्या गाडीच्या किल्लीचं बटण दाबलं की तीन दारं लॉक होतात, चौथं रुसतं. याने एक दार बरं केलं की आठवड्यात दुसरं बिघडतं. तक्रार केली की "स्वल्प थांबा, अक्का," म्हणत हा दाराला कान लावतो आणि अर्धा तास नुसता ऐकत बसतो.

या वेळी मी त्याला कान लावूच दिला नाही. "काल मी भाजी घेत होते, आई गाडीत बसली होती. मागचं डावं दार तिला आतून उघडेना. म्हातारं माणूस किती घाबरलं असेल?"

तो आईच्या जागी जाऊन बसला, काचा वर केल्या आणि म्हणाला, "बाहेरून लॉक करा. मी काच वाजवेपर्यंत उघडू नका."

भर उन्हात तो आतून खटका ओढत राहिला. काच वाजली तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता. "मलाच जोर लागतो, अक्का. अम्मांची बोटं काय करणार?"

मग दुपारभर तो त्या एका दारापाशी खपला. संध्याकाळी आईला देवळातून घरी आणलं, तर तिने ते एका बोटाने उघडलं आणि ती घरात निघूनही गेली.

माझं दार मात्र उघडेना, शेजारचंही नाही. साडी सावरत, सीटवरून मागे चढून मी आईच्या दाराने उतरले. उद्या परत त्याच्याकडेच जायचंय.