फरशीवाला सावकार झाला त्याची गोष्ट

माझा दादा सावकार झाला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि जिना चढताना दर तिसऱ्या पायरीवर कठडा धरून थांबत होता. सावकार म्हणजे किती मोठा, तर वीस लाखांचा. बेचाळीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवून, पोटाला चिमटे काढून जमवलेले वीस लाख. तेवढ्यावर माणूस सावकार होत असेल तर मग मलाही डॉक्टरीण म्हणायला हवं, कारण मी दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर लिहिते.

आधीच सांगून टाकते, ही गोष्ट सांगताना माझं डोकं फिरतं. ज्यांना गोड आवाजात ऐकायचीय त्यांनी वहिनीकडे जावं. ती अजून म्हणते, "वन्सं, त्यांचा काय हो दोष?" दोष नाही? कप्पाळ माझं! अर्धा त्याचा होता. उरलेल्या अर्ध्यातला थोडा माझा होता, तोही सांगते पुढे.

फरशीवाल्याचं सगळं काम गुडघ्यांवर चालतं. मिस्त्री उभा राहून भिंत बांधतो, रंगारी शिडीवर चढतो, फरशीवाला मात्र सकाळी गुडघे टेकतो आणि संध्याकाळी उचलतो. दादा जुन्या टायरच्या पट्ट्या गुडघ्यांना बांधायचा, तरी कातडी बुटाच्या तळव्यासारखी झालेली. शेवटी शेवटी कामावरून आला की दारातच बसायचा आणि वहिनी त्याला काखेत हात घालून आत न्यायची. मी त्याला आमच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील. साडेचार लाख. "नंतर मस्त चालाल, जिने चढाल. पण काका, गुडघ्यावर बसायचं नाही. कायमचं बंद."

म्हणजे पाय मिळणार आणि धंदा जाणार. दादाने तिथल्या तिथे हिशेब केला. नंतर पोट कशावर भरायचं? दुकानात उभं राहायला मालकांना पंचविशीतला पोरगा लागतो, साठीचा म्हातारा कोण ठेवतो! तेव्हा त्या वीस लाखांनीच काम करायला हवं, असं त्याने ठरवलं. व्याजातून आधी गुडघे, मग घर, आणि मुद्दल शाबूत. मी म्हटलं, "अरे, आधी गुडघे कर, उरलेल्याचं मग बघू." तर म्हणाला, "धाकटे, मुद्दलाला हात लावला की माणूस संपला." एवढ्या ठसक्यात बोलला की मी गप्प बसले. मी गप्प बसते कधी? पण बसले खरी.

आता या गोष्टीत येतो कॅटलॉग. हा आधी टाइल्सच्या दुकानात होता, काखेत कायम नमुन्यांचं जाडजूड पुस्तक, म्हणून सगळे त्याला कॅटलॉगच म्हणायचे. दादा त्याला वीस वर्षं ओळखत होता. दुकान सोडून आता तो लोकांचे पैसे बिल्डरांना मिळवून द्यायचा आणि मध्ये आपलं कमिशन काढायचा. घरी येऊन, वहिनीने दिलेला चहा बशीत ओतून पीत तो म्हणाला, "दादा, बँकेत ठेवून काय मिळतं? डोंबल! बिल्डरला सरळ कर्ज द्या. महिना दीड टक्का, दीड वर्षाची मुदत, आणि इमारत तारण. उद्या बिल्डर पळाला समजा. इमारत पळते का?"

दादाला हे वाक्य असलं आवडलं की पुढचे आठ दिवस जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, इमारत पळत नसते.

आमच्या दवाखान्यासमोर एक वकील बसतो. मी म्हटलं, "पाच हजार घेईल, पण कागद दाखवून घे." दादा हसला. "वकिलाला इमारतीतलं काय कळतं? तो कागद बघणार. मी इमारत बघतो ना!" आणि खरंच गेला, सुट्टीच्या दिवशी, मला सोबत घेऊन. चार मजले, सोळा घरं, सगळं नवंकोरं. तीन तास, बायांनो, तीन तास! खिशातलं नाणं काढून हा एकेक फरशी वाजवतोय. पक्की बसलेली फरशी घट्ट आवाज देते, खाली माल कमी पडला असेल तर पोकळ वाजते, हे मला लहानपणापासून माहीत. न्हाणीघरात तांब्याने पाणी ओतून उतार बघितला. ओळंबा सोडून भिंती बघितल्या. गुडघे ठणकत होते, चेहरा मात्र नवरदेवाचा. सगळ्या इमारतीत दोन फरश्या पोकळ निघाल्या, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली. बिल्डरच्या माणसाला त्याने असा झाडला की तो बिचारा वही काढून लिहून घ्यायला लागला.

वीस लाख द्यायच्या आधी माझ्या दादाने एकच अट घातली. त्या दोन फरश्या बदला. बदलल्या त्यांनी, दुसऱ्याच दिवशी. का नाही बदलणार?

सही करायला आम्ही बिल्डरच्या ऑफिसात गेलो. गार हवा, काचेचं टेबल, दादाला बसायला गादीची खुर्ची. ज्या लोकांनी जन्मभर "ए फरशीवाल्या, पायपुसण्यावरून ये" म्हटलं, त्यांच्यातलाच एक आज "या काका, बसा" म्हणत होता. कॅटलॉगने कागद भराभर उलटले आणि चौथ्या पानावर बोट ठेवून म्हणाला, "लपवाछपवी नाही हं आपल्याकडे. तारणात तुमचा नंबर दुसरा. पुढे फक्त बँक."

दादाचा चेहरा फुलला. खोटं नाही सांगत, फुलला! कारण असं आहे, घर बांधताना फरशीवाला येतो सगळ्यांच्या शेवटी. आधी पाया खोदणारे, मग गवंडी, प्लंबर, वायरमन, आणि तोपर्यंत मालकाचे पैसे संपलेले असतात. "जरा थांब रे, तुझं कुठे पळून जातंय" हे दादा बेचाळीस वर्षं ऐकत आला. उशिरा मिळायचे, कापून मिळायचे, पण मिळायचे. रांगेत तो सहावा, सातवा. आणि इथे एकदम दुसरा! त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही शाळेत त्याचाच नंबर आलाय. त्याला वाटलं, पुढच्याचं झालं की आपलंच. पुढचा सगळंच घेऊन जाऊ शकतो, हे त्याच्या धंद्यात कधी घडलंच नव्हतं. कोणी गवंडी प्लंबरची मजुरी खात नाही.

साक्षीदार म्हणून खाली सही माझी. मी, जी बाईने वय दोन वर्षांनी कमी सांगितलं तरी ओळखते, तिने ते चौथं पान वाचलं नाही. दुपारी दोनला माझी ड्युटी होती. घड्याळ बघितलं आणि सही ठोकली. आता बोला.

पाच महिने व्याज आलं. महिन्याच्या पाच तारखेला तीस हजार, ठणठणीत. दादाने नवी कामं घेणं बंद केलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो चौकातल्या हॉटेलात बसायचा आणि रंगारी, सुतार सगळ्यांना शिकवायचा, "पैसा कामाला लावायचा, आपण बसायचं." वायरमनने गंमत केली, "काय सावकार, आम्हाला पण द्या काहीतरी." दादा एवढा खूश झाला की त्याच्या चहाचे पैसे यानेच दिले. मी त्याला कर्जाची मुदत संपतानाची ऑपरेशनची तारीख मिळवून दिली, रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. वहिनीने तर दवाखान्याची पिशवी वर्षभर आधी भरून ठेवली. दोन लुंग्या, टॉवेल, पाण्याची बाटली. एवढं सुखाचं त्या घरात मी फार वर्षांनी पाहत होते, म्हणून जास्तच जळतं.

सहाव्या महिन्यात व्याज आलं नाही. कॅटलॉग म्हणाला, "घरं विकली जात नाहीयेत दादा, मंदी आहे, जरा थांबा." थांबण्यात आमच्या दादाचा हात कोण धरणार? सातव्या महिन्यातही थांबला. आठव्यात त्या इमारतीच्या दारावर बँकेची नोटीस चिकटली. बिल्डरचा फोन बंद, ऑफिसला कुलूप. बिल्डर पळाला होता, आणि इमारत जागच्या जागी होती. कॅटलॉगने सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं ठरलं, मेल्याचं!

बँकेत मी बरोबर गेले. ऑफिसरबाई चांगल्या होत्या, त्यांच्यावर चिडताही येईना. त्यांनी पाणी मागवलं, कागद वळवून दाखवला. "इमारतीचा लिलाव होईल. आधी आमचं पूर्ण वसूल होणार. मुद्दल, व्याज, दंड, वसुलीचा खर्च. त्यानंतर काही उरलं तर ते दुसऱ्या नंबरच्या लोकांत वाटलं जाईल."

"लोकांत म्हणजे?" दादाने विचारलं. "दुसरा नंबर माझा आहे."

"तुम्ही धरून अकरा जण आहेत, काका."

दादाने कागदावरच्या दुसऱ्या नंबरवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "एका नंबरवर अकरा माणसं कशी काय उभी राहतात हो?" मग तो घाईघाईने, समजावल्यासारखं बोलायला लागला. "पण इमारत चांगली आहे, मॅडम. मी स्वतः बघितलीय. एक फरशी पोकळ नाही."

"म्हणूनच तर आमचे पैसे सुटतील," बाई म्हणाल्या.

सुटलेही. लिलावात भाव चांगला आला. मला वाटलं होतं घरी आल्यावर तो रडेल, भिंतीवर डोकं आपटेल. तर हा पठ्ठ्या वहिनीला सांगतोय, "बघ, मी म्हटलं नव्हतं? माल पक्का होता. लोकांनी चढाओढीने बोली लावली." मला इतका संताप आला की मी हातातली कपबशी मोरीत आदळली. "अरे, माल पक्का होता म्हणून काय तुझी मिरवणूक काढू? तुझं काय राहिलं ते सांग!" बँकेचं सगळं वळतं करून अकरा जणांत जे वाटलं गेलं, त्यात दादाच्या वाट्याला बावन्न हजार आले. पाच महिन्यांचं व्याज घरात बसून खाण्यातच गेलं होतं. वहिनी फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करत राहिली.

कॅटलॉग आता पाण्याच्या टाक्या विकतो. दादाला तो रस्त्यात भेटला तेव्हा दादाने त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, म्हणे. मला भेटू दे एकदा.

मी दादाला म्हटलं, "ऑपरेशनचे पैसे मी भरते. माझ्या फंडात आहेत. तारीख आहे, जागा आहे, चल." खरंच होते माझ्याकडे, आणि मनापासून म्हटलं होतं. तो खाटेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होता. हात थांबला नाही त्याचा.

"भरशील गं. आणि नंतर? नवे गुडघे घेऊन मी काय करू? रोज चारदा जिना चढू-उतरू?"

"दुखतंय ना तुला!"

"दुखतंय. पण वाकतात," तो म्हणाला. "हे दुखणारे टेकता येतात. त्या नव्यांवर बसता येणार नाही. माझ्या वीस लाखांनी काम करायचं होतं, ते गेले. आता कोणीतरी करायला हवं ना?"

सगळ्या गोष्टीत तो एकदाच बरोबर बोलला आणि नेमकं इथे.

चार दिवसांनी तो सकाळी दवाखान्यात आला. मला वाटलं, मन बदललं. खिडकीत वाकून म्हणाला, "धाकटे, माझं नाव खोड. तारीख वाया घालवू नको, अडलेल्या कोणाला तरी दे. मला उशीर होतोय, तीन खोल्यांचं काम धरलंय." नाव खोडायचं तर रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं, आमचा नियमच आहे. मी विचारलं, "काय लिहू?"

"लिही, बरं वाटतंय."

आणि दारापर्यंतच्या पाच पायऱ्या कठड्याला धरून, प्रत्येकीवर थांबत उतरला. मी खिडकीतून बघत होते. मग पेन घेतलं आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, रुग्णास आराम, शस्त्रक्रियेची गरज नाही.