कोळंबीसाठी आणलेली वाईन

लेकीच्या मित्राचे आईवडील पहिल्यांदा जेवायला येणार होते. त्या आठवड्यात मला धड झोप नाही. मॉन्ट्रियलची फ्रेंच बोलणारी माणसं. लग्नाचा विषय अजून कुणी काढला नव्हता, पण मी काय दुधखुळी आहे? मला भीती एकच होती, त्यांच्यासमोर पोरीला आपली लाज वाटली तर?

भीती उगाच नव्हती. शाळेत असताना मैत्रिणी येणार असल्या की ती आधी सांगायची, "मॉम, आज फिश नको, ओके?" तेव्हापासून मासळी करायची ती खिडकी उघडून, भर जानेवारीतसुद्धा, स्वेटरवर स्वेटर चढवून. म्हणून त्या रविवारी मी कोळंबीला हातच लावला नाही. पुलाव, पनीर, बटाट्याची भाजी. कुणाच्या नाकाला त्रास नको.

पाहुणे आले. मित्राच्या आईने, त्या बाईंनी, रंगीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. आमच्याकडे घरात नवं काही आलं की आधी देवापुढे. घाबरलेल्या माणसाचे हात सवयीनेच चालतात. मी त्याला कुंकवाचं बोट लावलं, पेटलेल्या निरांजनाशेजारी ठेवलं आणि ग्लासात पाणी ओतायला लागले.

थोड्या वेळाने बाईंनी लेकीला फ्रेंचमध्ये काही विचारलं. लेकीने देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, दॅट्स वाईन."

देवापुढे दारू, आणि गार प्यायची ती निरांजनापाशी शेकत बसलेली. नवऱ्याने बाटली उचलली आणि बाल्कनीतल्या बर्फात खोचून आला.

मी ओशाळून पुलाव पुढे केला. बाईंनी टेबलावरून नजर फिरवली आणि पुन्हा लेकीला काही विचारलं. या खेपेला पोर लालबुंद झाली. झालं, म्हटलं, लाजली.

"काय म्हणतात गं?"

"कोळंबी कुठेय, विचारतायत."

मग कळलं ते असं. तुझी आई छान काय करते, असं बाईंनी तिला आधीच विचारलं होतं. ही म्हणाली होती, नारळाच्या रसातली कोळंबी. त्यावरून त्यांनी दुकानात उभं राहून फ्रान्समधल्या बोर्दोची पांढरी वाईन निवडली होती, सोव्हिन्यों आणि सेमियों अशा दोन द्राक्षांची मिळून केलेली. पहिल्याचा लिंबासारखा आंबटपणा कोळंबीसाठी, दुसऱ्याचा मऊपणा नारळासाठी. माझ्या पनीरचा त्यात कुठेच विचार नव्हता.

जिच्यासाठी इतकी वर्षं स्वयंपाकघरात कुडकुडले, ती परक्या माणसांना माझी कोळंबी कौतुकाने सांगत होती. राग आला आणि रडूही. मेलं मला एकदा सांगायला काय झालं होतं?

फ्रीझरमधली कोळंबी पाण्यात टाकली. नारळाच्या दुधाचा डबा होता, आमसुलं होती. फोडणीत लसूण पडला, कोळंबी चुरचुरली. वास बाहेर टेबलापर्यंत पोचला असणार. माझा हात आपसूक खिडकीच्या कडीकडे गेला.

लेक मागे येऊन उभी होती, बर्फातून काढलेली बाटली हातात घेऊन.

"नको उघडूस, आई," ती म्हणाली. "येऊ दे वास."