मामाच्या कोकराची खूण

महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी मी दौंडहून एसटीनं न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाते. तिथं कोर्टाच्या आवारात मला माझ्या लेकीला दोन तास भेटायची परवानगी आहे. सहावीत गेल्यापासून ती या दोन तासांत माझ्याशी एक अक्षर बोलेनाशी झाली. बाकाच्या पार टोकाला बसायची, नजर गेटकडं. मी नेलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या तशाच परत यायच्या आणि परतीच्या गाडीत मी त्या रागारागानं स्वतःच खायचे.

मी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काम करते. माहेर दौंडचं, सासर निमोण्याजवळच्या वस्तीवरचं. दोन्ही घरं मूळची मेंढरांमागं फिरणारी, आता ऊस-कांद्यात रमलेली. नवऱ्याशी पटेना, तेव्हा मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. शाळेचं वर्ष मधेच मोडायला नको म्हणून सगळ्यांच्या विचारानं लेक तिकडं राहिली. वर्ष संपलं. लेक मात्र मला परत मिळाली नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं.

सुरुवातीच्या शनिवारी ती गेटातून पळत यायची. मग चालत यायला लागली. मग एकदा मला म्हणाली की, तुला नोकरीच्या खुर्चीची हौस, पोटच्या पोरीची नाही. हे शब्द तिचे नव्हते. ते तिच्या आत्याचे होते, हातवाऱ्यांसकट. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण रागवायचं कुणावर? समोर बसलेल्या पोरीवर तर नक्कीच नाही. त्यानंतर ती गप्पच झाली.

ज्याला सांगावं तो म्हणायचा, मोठी झाली की कळेल तिला. या वाक्याचा मला मनापासून वीट आला आहे. काय कळणार? रोज जे कानावर पडतं तेच कळणार. आमच्या कॉलनीत एक गार्ड आहेत, त्यांचं माझ्या उलट. मुलं आईकडं असतात. प्लॅटफॉर्मवर बाप दिसला की ती जिना चढून पलीकडं जातात. गाडीला हिरवा झेंडा दाखवणारा तो धिप्पाड माणूस माझ्या खिडकीशी येऊन हे सांगताना रडला. तेव्हा माझं पक्कं झालं. हा प्रश्न बायकांचा नाही आणि पुरुषांचाही नाही. पोर ज्याच्या ताब्यात असतं, त्याच्या जिभेचा आहे.

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, ते आता कामाला लावू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण देता देता सांगायला लागले, की भांडा, वेगळे व्हा, कोर्टात जा, पण पोरासमोर त्याच्या आईला किंवा बापाला नावं ठेवू नका. काहीजणी तिळगूळ तोंडात टाकून उठल्या. हिच्याकडं जाऊ नका, कीर्तन ऐकावं लागतं, असंही कॉलनीत झालं. पण दोघीतिघींनी निघताना माझा हात धरला, तो लवकर सोडला नाही. मला तेवढं पुरे होतं.

मग एका शनिवारी नवऱ्याला कंपनीत शिफ्ट लागली, म्हणून लेकीला घेऊन सासरे आले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. शेती मुलांकडं देऊनही त्यांनी थोडी मेंढरं हट्टानं राखली आहेत. त्या दिवशी मी अभ्यास, परीक्षा काही विचारलं नाही. सहज म्हटलं, तुझी मेंढी व्याली का गं?

ती मेंढी तिचीच. तिच्या जावळाच्या वेळी तिला मांडीवर घेऊन माझ्या भावानं एक मादी कोकरू दिलं होतं. आमच्यात अशा कोकराचं पुढचं सगळं बेणं, पिल्लांची पिल्लंसुद्धा, त्या पोराचंच धरतात; ही मेंढी त्यातलीच.

कितीतरी महिन्यांनी लेकीनं तोंड उघडलं. दोन पिल्लं झाली म्हणाली आणि आबांची तक्रारच सुरू केली. वस्तीवरच्या सगळ्या मेंढरांचा उजवा कान कातरतात, माझ्या मेंढीच्या पिल्लांचा तेवढा डावा का?

आबा सरळपणानं बोलून गेले. "ती तुज्या मामाच्या घरची खूण हाय, बाळा. आईकडनं आल्यालं जनावर. त्याची खूण आपून बदलत न्हाई."

लेक माझ्याकडं बघायला लागली. आईच्या माणसांनी तुला कधी काही दिलं नाही, असं तिला घरात सांगून ठेवलेलं होतं.

मी आबांना म्हणाले, "कोकराची खूण एवढी जपता आबा, मग पोरीच्या मनातली आई का पुसून टाकताय?"

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. गाडीची वेळ झाली म्हणाले आणि नातीला घेऊन निघून गेले.

मला मात्र आता थांबवत नव्हतं. जिथं दुखतंय तिथंच बोलायचं ठरवलं. सासरच्या गावच्या सरपंचबाईंना फोन केला आणि ग्रामसभेत पाच मिनिटं मागून घेतली. मी तिथं ताबा मागायला गेले नव्हते, तसं पहिल्याच वाक्यात सांगितलं. गार्डांची गोष्ट सांगितली, माझी सांगितली. आई-बाप वेगळे झाले तरी पोराला दोघंही लागतात, आणि घरातल्या मोठ्या माणसांनी जीभ आवरली तर निम्मं काम होतं, एवढंच म्हणाले. नवरा उठून म्हणाला, घरची भांडणं चावडीवर कशाला? बऱ्याच माना हलल्या. तरी मी खाली बसले नाही.

तेवढ्यात मागून आबा उठले.

"माज्या घरात पोरीसमोर तिच्या आईला रोज नावं ठेवत्यात. मी ऐकत आलोय. हितनं म्होरं जो ठेवल, त्यानं माज्या घरात जेवू नये."

सरपंचबाईंनी पाण्याच्या टाकीचा विषय घेतला.

बाहेर शेजारच्या शाळेच्या भिंतीपाशी लेक उभी होती. आबांबरोबर आली असणार. आजूबाजूला बघून ती हळूच जवळ आली.

"शनिवारी घरी गेलं की इचारत्यात," ती म्हणाली, "आईसंगं बोललीस का, हासलीस का. मी न्हाई म्हनते. मंग आत्या माजे लाड करती."

इतके दिवस मी समजत होते की ही मला विसरत चालली आहे, आणि माझी पोर तिथं दोन तास हसू दाबून बसत होती. मी तिला कवटाळलं नाही. कुणी बघितलं तर पुन्हा तिलाच उत्तर द्यावं लागलं असतं.

"नको बोलूस," मी म्हणाले. "तू नुसती येऊन बस. बोलायचं काम माझं."