परत पाठवलेले नमुने

तपासून झालेला नमुना प्रयोगशाळेत ठेवत नाहीत. दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून तो टाकून देतात. किस्स्यांना ही सोय नाही. ते साचत जातात. चार जुने सहकारी भेटले की त्यांतल्या हसऱ्या किस्स्यांची उजळणी होते. उरलेल्यांबद्दल सगळेच गप्प राहतात. आज मी दोन्ही प्रकारचे सांगणार आहे.

मी आधी लातूरला आणि नंतर नांदेडला, रोगजंतूंची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. दोन्हीकडे माझ्याबरोबर रऊफभाई होते. अत्तर विकणाऱ्या घरातला माणूस. वयाने माझ्याहून दोन वर्षे मोठे, हुद्द्याने एक पायरी खाली. नमुने घेण्याची खिडकी माझ्याकडे असे. चिठ्ठी नसलेला, गळका, अपुरा किंवा भलत्याच भांड्यातला नमुना मी परत पाठवीत असे. नियम तसा होता आणि तो योग्यच होता. आमच्या लिंगायत घरी लिंगपूजेशिवाय कुणी पाणी घेत नसे, आणि कामालाही पूजा मानून कायक म्हणत. त्यामुळे नियम पाळताना माझा हात कधी थरथरला नाही. तो थोडा थरथरायला हवा होता, असे आता वाटते.

*

निलंग्याकडचे एक आजोबा नातवाच्या जुलाबाचा नमुना स्टीलच्या डब्यात घेऊन आले. झाकणावर नाव कोरलेले. मी डबा उघडलाही नाही. आमच्या निर्जंतुक बाटलीतच नमुना आणावा लागेल, असे सांगितले.

आजोबा दुखावले. "बाई, घरातला सगळ्यात चांगला डबा हाय ह्यो. लेकीच्या रुखवतातला."

रऊफभाईंनी त्यांच्या हाती बाटली दिली आणि आदबीने म्हणाले, "डब्याबद्दल तक्रार नाही, बाबा. आता हा वापस रुखवतात कसा ठेवायचा, तेवढं सांगा."

रांग हसली, आजोबाही हसले. त्या हसण्यात त्यांची दुपारची एसटी निघून गेली. नातू घरी होता, जुलाब चालू होते, आणि बाटली आजोबांच्या पिशवीत लातूरच्या स्टँडवर संध्याकाळपर्यंत बसून होती. हा किस्सा सांगताना हा भाग आम्ही वगळतो.

*

नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हात धुण्याचे महत्त्व पटावे, म्हणून जंतू वाढवण्याच्या प्लेटवर आम्ही सगळ्यांची बोटे टेकवून घेत असू. दुसऱ्या दिवशी ज्याच्या बोटांखाली जास्त ठिपके उगवतील, त्याचे हात जास्त अस्वच्छ.

एका वर्षी मुलींनी आग्रह धरला की शिक्षकांनीही बोटे टेकवावीत. मी थेट पूजा आटोपून आले होते. हात धुण्याची मला गरज वाटली नाही. रऊफभाई वजू करून, म्हणजे हातपाय धुऊन, नमाज पढून आले होते.

दुसऱ्या दिवशी संपूर्ण वर्गात सर्वांत दाट पीक माझ्या बोटांखाली होते. रऊफभाईंच्या प्लेटवर मोजून तीन ठिपके. मुली खाली मान घालून हसू दाबत होत्या. मी हसत म्हणाले, तुमच्या वजूचा प्रताप दिसतो.

"वजूत नुसतं पाणी असतं, मॅडम," ते म्हणाले. "साबण मी तुमच्या भीतीनं लावतो."

मी त्या दिवसापासून पूजेनंतरही साबण लावते. देवाने राग मानल्याचे जाणवलेले नाही.

*

लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहणारी मुले आमच्या खिडकीवर नेहमीची. मेसचे जेवण, टाकीचे पाणी, ताप येणारच. असाच एक मुलगा रक्त देऊन गेला आणि तासाभराने एकटाच परत आला. रिपोर्टमध्ये टायफॉइड लिहा, असे तो म्हणाला.

मला आधी कळलेच नाही. मग त्याने समजावून सांगितले. टायफॉइड निघाला तर वडील महिनाभर घरी नेतील. नुसत्या तापाला नेणार नाहीत. परीक्षा जवळ आली होती.

मी त्याला खोट्याची किंमत या विषयावर चांगली दहा मिनिटे सुनावली. वाक्ये नेटकी होती; मला अजून पाठ आहेत. रिपोर्ट खरा दिला: टायफॉइड नाही. तो चिठ्ठी घडी करून निघून गेला.

रऊफभाई काचपट्ट्या पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मॅडम, आजारी तर होता तो. आपल्याकडं त्याची टेस्ट नाही, इतकंच."

मी फॉर्मवर वडिलांचा फोन नंबर शोधला. त्याने तो लिहिला नव्हता. तो कुठल्या खोलीवर राहतो, हे विचारायला मी दहा मिनिटांतले अर्धे मिनिटही काढले नव्हते.

*

किल्लारीच्या वाटेवरच्या एका गावात गॅस्ट्रोची साथ आल्याचे कळले, म्हणून आम्ही जीप घेऊन गेलो. कुठल्या घरात कोण आजारी, हे नकाशावर मांडले की दोष कुठल्या पाण्यात आहे ते बहुधा दिसते. पण गावात दोन दिवसांवर लग्न होते आणि साथीची वाच्यता कुणाला नको होती. पहिल्या घरातली बाई म्हणाली, आमच्यात कुणाला काय न्हाई, शेजारी इचारा. शेजारच्यांनी पुढचे घर दाखवले. असे करीत अख्खी गल्ली फिरून झाली, आणि शेवटच्या घरातल्या म्हातारीने आम्हाला पहिल्या घराचा पत्ता दिला.

"साथ गावात आहे," रऊफभाई म्हणाले, "फक्त घरी कुणाच्या नाही."

निदान पाणी तरी खरे बोलेल, म्हणून आम्ही टाकीच्या नळाचा नमुना घेतला. तो इतका स्वच्छ निघाला की मला शंका यायला हवी होती. मी 'पिण्यास योग्य' असा अहवाल सही करून पाठवला.

पुढच्या आठवड्यात त्याच गावची माणसे जुलाबाने रुग्णालयात दाखल झाली. त्यांत गावात पाणी सोडणारा कर्मचारीही होता. सलाइन चालू असताना मी त्याला विचारले, टाकीत ब्लीचिंग पावडर कधी टाकली होती?

"तुम्ही येणार म्हणून कळलं ना, त्या दिशी. जीप दिसली तसं चांगल्या चार मुठी टाकल्या."

"आणि रोज?"

त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिले. "रोज कोण तपासाया येतंय, मॅडम?"

*

नांदेडची ही शेवटची गोष्ट मी जुन्या सहकाऱ्यांच्या बैठकीत कधी सांगितलेली नाही.

हिमायतनगरजवळच्या खेड्यातून सुमनबाई आल्या. तिशीच्या बाई, डोक्यावर पदर, महिनाभराचा खोकला. डॉक्टरांनी क्षयाची तपासणी सांगितली होती. त्यासाठी छातीतून खोल खोकून काढलेला बेडका लागतो; तोंडातली लाळ चालत नाही. सुमनबाईंनी बाटलीत लाळ आणली. मी कसे खोकायचे ते सांगितले आणि परत पाठवले. दुसऱ्या खेपेलाही लाळ. तिसऱ्या खेपेलाही. तेव्हा मी अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थुंकायला येतं आणि खोकायला लाज वाटते का?"

रऊफभाईंनी वर पाहिले.

चौथ्या खेपेला नवरा सोबत होता आणि बाटली त्याच्या हातात होती. घट्ट, पिवळसर, हवा तेवढा नमुना. मी बाटली उजेडात धरून म्हणाले, "आता बरोबर. असाच पाहिजे." नवरा हसला. हसता हसता त्याला ठसका लागला आणि तो तोंडावर उपरणे धरून बाजूला झाला. मी पुढच्या माणसाची बाटली घेतली.

क्षय निघाला. सुमनबाईंच्या गोळ्या सुरू झाल्या. घरातल्या इतरांची विचारपूस करायला कर्मचारी गेला तेव्हा नवरा रानात होता. 'बाकी कुणास खोकला नाही' अशी नोंद झाली.

दोन महिन्यांनी पुन्हा बेडका मागवला. तोही नवऱ्यानेच खिडकीवर आणून दिला. जंतू होतेच, पहिल्याहून जास्त. औषधाला दाद न देणारी जात असेल, म्हणून पुढची तपासणी केली. तर प्रत्येक औषध त्या जंतूंना मारत होते. मग एकच अर्थ उरला. बाई गोळ्या फेकून देत असणार. त्यांना बोलावून घेतले. त्या आल्या, तेव्हा त्यांच्या गालावर मांस आले होते आणि त्या एकदाही खोकल्या नाहीत. मला ते दिसले नाही. मी रागात होते.

"गोळ्या घेता की टाकता?"

"घेते की, बाई. एक बी दिस चुकला न्हाई."

"मग बेडक्यात जंतू कुठून येतात?"

त्या रिकाम्या बाटल्यांच्या खोक्याकडे पाहू लागल्या. मग इतक्या हळू बोलल्या की मला खिडकीतून वाकावे लागले.

"बेडका त्यांचा हाय. मला येईच ना. चवथ्या बारीला बी तुम्ही वापस लावलं असतं. ते म्हणले, आण हिकडं, मला लई येतो."

"आणि हे आत्ता सांगता?"

"तुम्ही म्हणलाव ना, आता बरोबर हाय."

नवरा कुठे आहे, असे रऊफभाईंनी विचारले. सुमनबाईंनी फाटकाकडे बोट केले. तो कडुनिंबाखालच्या ओट्यावर आडवा झाला होता. स्टँडपासून चालत येण्यातच त्याचा दम संपला होता. दोन महिने रोज ते औषध त्याच्याच घरात, त्याच्या बायकोच्या ताटाशेजारी ठेवले जात होते.

मी नवी बाटली काढली. चिठ्ठी घेतली. पेन उघडून विचारले, "यजमानांचं नाव काय लिहू?"

सुमनबाईंनी पदर सारखा केला.

"माझ्याच नावात हाय की, बाई. मधी."