बिशपसाहेबांचा दात

आमची आत्या वाक्य संपवत नाही, भट्टीचं दार लावते. "मैदा चाळलास? ढण्ण. कोपर काढ टेबलावरून. ढण्ण." ते 'ढण्ण' ती तोंडाने म्हणत नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानात वाजतंच. घरी मी तिची नक्कल करते तेव्हा त्यासाठी मला पिठाच्या डब्यावर थाप मारावी लागते. पप्पा हसता हसता दाराकडे बघत राहतात, कारण ते तिचे धाकटे भाऊ आहेत आणि अजून तिला टरकून असतात.

आत्याची बेकरी आजोबांची. पुढे काचेचं कपाट आणि फळी, मागे भट्टी, मधे कणीक तिंबायचं लांब टेबल. टेबलाचा मधला भाग दोन पिढ्यांच्या तळव्यांनी इतका खोलगट झालाय की त्यात बाळ झोपवावं. आत्याच्या भुवया जन्मापासून पांढऱ्या आहेत अशी लहानपणी माझी समजूत होती. एका नाताळाला तिने तोंड स्वच्छ धुतलं आणि मी तिला ओळखलंच नाही. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं तर म्हणते, "पहाटे उठणारा मिळाला नाही. ढण्ण."

तिच्याकडे सगळं होतं. गिऱ्हाईक होतं, नाव होतं, हात होता. एकच गोष्ट नव्हती. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या टेबलावर जो पाव मोडतात तो तिच्या भट्टीतला नसायचा. दुकानातून पुडक्यातला चौकोनी ब्रेड यायचा, कडा कापलेला. पाळकसाहेब तो उचलून मोडायला जायचे तर तो मोडायचाच नाही, ओल्या फडक्यासारखा लोंबायचा. दर वेळी आत्या डोळे मिटायची. लोकांना वाटायचं, काय भक्ती!

आणि याला कारण होता बिशपसाहेबांचा दात.

झालं होतं असं. तेव्हा हा पाव आजोबाच करायचे. चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांची तक्रार होती की मोडताना चुरा सांडतो आणि पवित्र वस्तू पायदळी जाते. आजोबांनी ते फार मनाला लावून घेतलं. बिशपसाहेब येणार म्हटल्यावर त्यांनी ठरवलं, चुऱ्याचा कणसुद्धा पडता कामा नये. म्हणून तो पाव त्यांनी भाजला, गार केला आणि पुन्हा भाजला. चुरा खरंच पडला नाही. पाव मोडायला पाळकांना गुडघ्याचा आधार घ्यावा लागला. बिशपसाहेबांनी डोळे मिटून घास घेतला, आणि त्या शांततेत जो कट्ट आवाज झाला तो मागच्या बाकापर्यंत गेला. समोरचा दात होता. पुढचं प्रवचन शिट्टीसकट झालं म्हणतात.

चर्चच्या पंचांनी त्याच दुपारी हात वर करून ठराव केला, या घरचा पाव यापुढे टेबलावर येणार नाही. 'या माणसाचा' नाही, 'या घरचा'. आजोबा गेले, तेव्हाचे पंच गेले, बिशपसाहेब उरलेल्या सगळ्या दातांसह गेले. ठराव मात्र ठणठणीत.

आता आमचे पाळकसाहेब. सज्जन माणूस, उंच, बारीक. प्रत्येक वाक्याच्या आधी घसा खाकरतात आणि मधे 'म्हणजे' घालतात. त्या रविवारी विषय होता मूळ पाप. "अहं... प्रियजनहो, आदामाने फळ खाल्लं, म्हणजे, त्याच्यात आपण सर्वांनीच, अहं, पाप केलं." पप्पांना डुलकी लागली होती. आत्या मात्र ताठ बसली होती, आणि तिच्या मानेवरची शीर मी पाहिली. मला कळलं, भट्टी पेटली.

बुधवारची प्रार्थनासभा आमच्या घरी होती. गाणं झालं, प्रार्थना झाली, चहा आला. पाळकसाहेबांनी बशीत चहा ओतला तेवढ्यात आत्या म्हणाली, "साहेब, फळ खाल्लं कुणी?"

"अहं. आदामाने. म्हणजे, आधी हव्वेने."

"मी होते तिथे?"

"नव्हता, ताई."

"मला कुणी विचारलं, खाऊ का म्हणून?"

"म्हणजे... नाही."

"मग शिक्षा मला का? शेजाऱ्याने काच फोडली तर माझ्या पोराचा कान पिळाल का तुम्ही?"

"तुला पोर कुठे आहे, ताई?" पप्पा म्हणाले.

"तू चहा पी."

पाळकसाहेबांनी बशी खाली ठेवली. ते विषय टाळत नाहीत, हे त्यांचं मला आवडतं. ते म्हणाले, "ताई, शिक्षा म्हणून बघू नका. म्हणजे, रोग म्हणून बघा. तुम्ही खमीर घालता ना पिठात? चिमूटभर घातलं तरी सगळा गोळा फुगतो. तसं आदामातून आपल्यात, अहं, ती ओढ उतरलीय. वाईटाची."

"रोग असेल तर औषध द्यायचं की एदेनबागेतून हाकलायचं? तापाच्या पोराला कुणी घराबाहेर काढतं?"

"औषध दिलंच की! म्हणजे, तेच तर शुभवर्तमान. एकामुळे सगळे बुडाले, तर एकामुळेच सगळे तरले. आपण काही न करता दोष आला, तशी कृपाही आपण काही न करता आली."

"म्हणजे वशिला," आत्या म्हणाली.

पाळकसाहेबांनी आधी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, मग विचार केला आणि म्हणाले, "अहं... एका अर्थी, हो."

"बरं. म्हणजे आदामाचं मिटलं?"

"मिटलं, ताई. मिटलं."

"सगळ्या मानवजातीला बुडवणाऱ्या माणसाचं मिटलं. आणि आमच्या अण्णांनी एक दात पाडला, त्यांचं मिटत नाही? तेव्हा मी पाळण्यात होते, साहेब. माझे स्वतःचे दात आले नव्हते! ढण्ण."

या वेळचं 'ढण्ण' सगळ्यांना ऐकू आलं, कारण तिने खरोखरच ट्रे आपटला होता. पाळकसाहेबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "मी पंचांपुढे ठेवतो." खाकरलेसुद्धा नाहीत.

पंचांची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत भरते. चहाबरोबर बन आमच्याच बेकरीतले असतात. बन चालतात, टेबलावरचा पाव चालत नाही. हे कुणालाच विचित्र वाटत नाही. आत्या आणि मी बन पोचवायला गेलो आणि पोचवून झाल्यावरही खिडकीखालच्या बाकावर बसून राहिलो. आत्याच्या मांडीवर रिकामा ट्रे होता, तो तिने ढालीसारखा धरला होता.

मुख्य पंच म्हणजे दातांचे डॉक्टर. आयुष्यभर उघड्या तोंडाच्या माणसांशी बोलून त्यांना एक सवय लागलीय. प्रश्न तेच विचारतात आणि उत्तरही तेच देतात. "दुखतंय? नाही ना? छान." बैठकीतही तसंच. "जुना ठराव. सगळ्यांनी हात वर करून केलेला. सगळ्यांनी हात वर करूनच मोडायचा, बरोबर? बरोबर. मला विचाराल तर दाताचा प्रश्न आमच्या धंद्याला हातभारच आहे. हरकत कुणाची? नाही ना? छा..."

'छान' अर्धवट तुटलं. आत्याने माझं मनगट धरलं.

"माझा हात वर नाही," असा आवाज आला.

तो शिंपीदादांचा आवाज होता. तेही एक पंच. त्यांचं दुकान आमच्या बेकरीसमोरच, रस्त्यापलीकडे. बोलतात नेहमी ओठांत टाचण्या धरून, त्यामुळे प, ब, म ही अक्षरं त्यांच्या बोलण्यात नसतातच. 'कंबर' म्हणाले की 'कंअर' ऐकू येतं. पण हे वाक्य स्वच्छ होतं.

डॉक्टर म्हणाले, "का? पाव कडक असेल म्हणून? नाही ना?"

"मला काय माहीत कडक की मऊ," शिंपीदादा म्हणाले. "मी तो कधी खाल्लाच नाही. ज्या पावाची चव माहीत नाही त्याला हो कसं म्हणू?"

 बाहेर आत्याने ट्रे छातीशी ओढला.

कारण त्याचं असं आहे. ज्या दिवशी दात पडला त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसले होते शिंपीदादांचे वडील. नुसते हसले नाहीत, दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात आजोबांना 'काय दगडवाले!' अशी हाक मारली, आणि ते नाव आजोबांना मरेपर्यंत चिकटलं. आजोबांनी त्या घराला पाव देणं बंद केलं. आत्याने ते पुढे चालवलं. शिंपीदादा फळीशी आले की कपाटात पाव दिसत असतानाही आत्या म्हणायची, "संपला." पुढे त्यांनी येणंच सोडलं. आता ते लांबच्या बेकरीतून पाव आणतात आणि आमच्या दारावरून जाताना तो कापडाच्या तुकड्यात गुंडाळून नेतात, जसा काही चोरीचा. बैठकीतला बनसुद्धा कधी उचलत नाहीत. मला हे सगळं माहीत होतं. मी त्या गुंडाळलेल्या पावाची चालही करून दाखवायचे, आणि आत्या पोट धरून हसायची.

घरी जाताना आत्या माझ्यापुढे तरातरा चालत होती. मी म्हटलं, "आत्या, आता?"

"आता काय! असल्या माणसाच्या दारात मी पाय ठेवणार नाही. ढ..." दार लागलंच नाही. अर्ध्यावर अडकलं.

दुसऱ्या दिवशी तिने दुपारचा घाणा काढला, त्यातला एक गोल पाव निवडला, ठेवला, दुसरा निवडला, तोही ठेवला. शेवटी पहिलाच घेतला आणि रस्ता ओलांडला. मी मागोमाग. चिंध्यांच्या ढिगाआडून शिंपीदादांची दोन पोरं आमच्याकडे भूत पाहिल्यासारखी बघत होती. मशीन चालू होतं. आत्याने पाव कापायच्या टेबलावर ठेवला, बरोबर एका कोटाच्या बाहीवर.

"घ्या. चव बघा आणि हात वर करा."

शिंपीदादांनी बाहीवरून पाव उचलला, पीठ झटकलं, बाजूला ठेवला. मशीन चालूच.

आत्याचा आवाज चढला. "तुमच्या वडिलांनी आमच्या अण्णांना भर रस्त्यात..."

शिंपीदादांनी ओठांतली एकेक टाचणी काढली आणि उशीला टोचली. मग म्हणाले, "ताई, मी तेव्हा जन्मलोसुद्धा नव्हतो."

आत्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. दातांच्या डॉक्टरांना फार सोयीचं गेलं असतं. तो मुद्दा तिचाच होता, बुधवारी पाळकसाहेबांना ऐकवलेला.

मग कशाला तरी हात घालायचा म्हणून तिने विषय बदलला, आणि तिथेच फसली. धाकटी पोर पावाकडे टक लावून बघत होती. आत्या म्हणाली, "अहो, निदान पोरांना तरी द्या. पोरांनी काय केलंय?"

 मशीनचं चाक आपोआप मंदावत थांबलं. आत्याने स्वतःचं वाक्य पुन्हा एकदा ऐकलं असावं, कारण ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. त्यावर कुणाचं तरी अस्तर होतं, टाचण्यांसकट. ती ओरडलीसुद्धा नाही. यावरून समजा.

"दादा," ती म्हणाली. तिने त्यांना दादा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तिच्याहून ते लहान आहेत. "मी देवाला जाब विचारायला निघाले होते हो. वाटेत तुमचं दुकान लागलं."

"रस्ता ओलांडायचा तर लागणारच," शिंपीदादा म्हणाले आणि पाव मोडला. आधी पोरांना दिला. मग स्वतः घास घेतला आणि इतका सावकाश चावला की आत्याने मधे दोनदा पदर सावरला. शेवटी म्हणाले, "मीठ जरा कमी आहे."

"जास्त घातलं तर खमीर धरत नाही," आत्या फणकारली. मग खाली बघून म्हणाली, "घालीन."

शनिवारी बैठक पुन्हा बसली. या वेळी डॉक्टरांचं 'छान' पूर्ण झालं.

रविवारी टेबलावर गोल पाव होता, तपकिरी, वर पिठाची भुरभुर. पाळकसाहेबांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि सवयीने, फडकं फाडावं तसा जोरात ओढला. तो इतका अलगद मोडला की साहेबांचे दोन्ही हात दोन दिशांना गेले आणि एक कोपर पेल्याला लागलं. पेला पडला नाही. डॉक्टरांनी आपला तुकडा आधी जिभेने तपासला. चुरा पडला, भरपूर पडला. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायकांनी वाकून बोटांनी तो टिपला आणि खाल्ला.

आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. शिंपीदादांनी मागच्या बाकावरून एक मऊ कापडाचा तुकडा पुढे केला. तिने घेतला, नाक शिंकरलं आणि परत द्यायला लागली. त्यांनी नको म्हटलं.

उपासना संपल्यावर ती दारात पाळकसाहेबांपुढे उभी राहिली. मला वाटलं, आता आभार मानेल.

"साहेब, आदामाचं मला अजून पटलेलं नाही."

"अहं. म्हणजे, ताई, खरं सांगू? रात्री कधी कधी मलाही..."

"पूर्ण ऐका. न केलेल्या गोष्टीची शिक्षा हा अन्यायच. समोर देव असला तरी मी हेच म्हणेन. पण एवढं कळलं की देवाच्या खुर्चीत मला बसवली असती तर मी एदेनबागेला कुलूप लावून किल्लीसुद्धा भट्टीत टाकली असती. तेव्हा आता जरा हळू आवाजात विचारणार आहे."

"विचारा ना, म्हणजे, जरूर विचारा."

"बुधवारी," आत्या म्हणाली. "चहा प्यायला लावून मग विचारते."

आणि ती पायऱ्या उतरून शिंपीदादांच्या पोरांच्या मागे धावली, कारण उरलेला पाव ती दोघं चर्चच्या भिंतीवर बसून कबुतरांना घालत होती.